परक्या मनातील कसरत

अमेरिकेतील कोणत्याही शहराच्या कडेला आढळावी तशी ती एक उपनगरी वसाहत आहे. हिरवळीचे नेटके चौकोन, एकसारखी घरे, बागा, कुंपणे, सारे काही यथास्थित; फक्त रस्ता तेवढा जमिनीवर राहत नाही. तो हवेत उचलला जाऊन स्वतःभोवती पिळवटत जातो, आणि त्यावरून चालणाऱ्याला शेजारची घरे कधी डोक्यावर लोंबताना, तर कधी भिंतीतून आडवी उगवलेली दिसतात. कोपऱ्याकोपऱ्यावर लांब कोट आणि हॅट घातलेली, एकाच साच्यातून काढल्यासारखी माणसे उभी आहेत. कुणाच्या हातात रस्तेकामगाराची ‘थांबा’ अशी पाटी आहे, कुणाच्या हातात लाटणे, कुणाच्या हातात झुडपे छाटण्याची कात्री; आणि प्रत्येक जण आपण अनुक्रमे कामगार, गृहिणी किंवा माळी असल्याची ग्वाही अत्यंत एकसुरी, निर्विकार आवाजात देत आहे. ही सारी गुप्तहेर मंडळी होत, हे पाहणाऱ्याला पहिल्या क्षणीच कळते. त्यांना मात्र आपले वेषांतर निर्दोष वाटते, आणि त्याहून गमतीची गोष्ट अशी, की दुसऱ्याचे वेषांतरही ते तितक्याच भाबडेपणाने खरे मानतात. दहा वर्षांचा एक मुलगा पाटी हातात धरून त्यांच्यासमोरून गेला, तर तो त्यांच्या दृष्टीने रस्तेकामगार असतो. तोच मुलगा रिकाम्या हाताने आला, की त्याची हकालपट्टी होते.

ही वसाहत पृथ्वीवर कोठेही नाही. ती बॉइड कूपर नावाच्या एका भ्रमिष्ट पहारेकऱ्याच्या मनात आहे, आणि ते मन ‘सायकोनॉट्स’ या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओ गेममध्ये आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डबल फाइन’ या संस्थेने तयार केलेल्या या गेमला आता वीस वर्षे उलटून गेली. आजच्या सफाईदार गेम्सना सरावलेला खेळाडू जेव्हा त्याच्याकडे वळतो, तेव्हा त्याची पहिली तक्रार ठरलेली असते: कंट्रोल्स जुने झाले. कॅमेरा ऐन वेळी भिंतीला अडतो, उडी पडायला हवी तेथे पडत नाही, हवी ती शक्ती वापरण्यासाठी खेळ थांबवून यादी उघडावी लागते. तक्रार खोटी नाही, आणि या गेमवर माझे प्रेम असले तरी तिच्यावर पांघरूण घालण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु हा जुनाटपणा सर्वत्र सारखा पसरलेला नाही. काही भागांत तो पदोपदी जाणवतो, तर काही भागांत त्याचा मागमूसही लागत नाही. आणि तो कोठे जाणवतो व कोठे लपतो याचा शोध घेतला, तर खेळातील विनोद आणि खेळाडूच्या बोटांची हालचाल यांचा परस्परसंबंध किती घनिष्ठ असतो, हे ध्यानात येते.

प्रथम कर्त्याविषयी थोडेसे. टिम शेफर हे ‘लुकासआर्ट्स’ या कंपनीत घडलेले लेखक-दिग्दर्शक. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०), ‘डे ऑफ द टेंटॅकल’ (१९९३), ‘फुल थ्रॉटल’ (१९९५) आणि ‘ग्रिम फँडँगो’ (१९९८) या गेम्सशी त्यांचे नाव निगडित आहे. हे सारे साहसी गेम्स होते, म्हणजे ज्यांत खेळाडूने पाहावे, विचारावे, वस्तू उचलाव्यात, कोडी सोडवावीत आणि मधल्या अवकाशात चुरचुरीत संवाद ऐकावेत, अशा जातीचे. बोटांच्या चापल्याला त्यांत फारशी किंमत नव्हती. २००० साली शेफर यांनी ती नोकरी सोडून ‘डबल फाइन’ची स्थापना केली; गोल्डन गेट पुलावर वेगमर्यादा मोडणाऱ्यास दुप्पट दंड होईल असे बजावणारी जी पाटी असे, तिच्यावरून हे नाव घेतलेले आहे. नव्या संस्थेचे पहिलेच काम म्हणून त्यांनी हाती घेतला तो मात्र धावण्याउडण्याचा गेम. संवाद, व्यक्तिरेखा आणि विक्षिप्त कल्पना यांच्या कलेत मुरलेली माणसे एका सर्वस्वी निराळ्या कसबाच्या प्रांतात पाऊल टाकीत होती, आणि या एका गोष्टीत ‘सायकोनॉट्स’चे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष यांचे मूळ आहे.

त्या प्रांताचा इतिहासही थोडक्यात सांगितला पाहिजे. निन्टेन्डोच्या ‘डाँकी काँग’ने (१९८१) उडी हीच खेळाची मुख्य क्रिया ठरवली, आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने (१९८५) तिला वेग, वजन आणि डौल दिला. या खेळांत जग सपाट होते. पात्र डावी-उजवीकडे किंवा वर-खाली जाई, आणि दोन कठड्यांमधील अंतर खेळाडूला पडद्यावर सरळ दिसे. पुढे जग त्रिमित झाले, आणि तीन अडचणी एकदम उभ्या राहिल्या. सपाट पडद्यावर खोली दाखवता येते, पण मोजता येत नाही. म्हणून समोरचा कठडा दोन पावलांवर आहे की पाच, हे नजरेला निश्चित कळत नाही. पात्र कोणत्याही दिशेला वळू शकत असल्याने ‘पुढे’ म्हणजे पात्राच्या पुढे की पाहणाऱ्याच्या पुढे, असा प्रश्न पडतो. आणि तिसरी अडचण सर्वांत बिकट: हे सगळे पाहायचे कोठून? ‘सुपर मारिओ ६४’ने (१९९६) या प्रश्नाला दिलेले उत्तर मोठे रम्य आहे. त्यात ढगावर बसलेले लाकिटू नावाचे एक पात्र हातातल्या गळाच्या काठीला कॅमेरा टांगून मारिओच्या मागेमागे फिरते, आणि एका आरशांच्या दालनात खेळाडूला त्याचे प्रतिबिंबही दिसते. कॅमेरा ही गेममधली एक स्वतंत्र वस्तू आहे, तिला जागा लागते, आणि ती अडखळू शकते, ही गोष्ट खेळाडूला समजावून देण्याचा याहून सोपा मार्ग सुचणे कठीण.

यानंतरच्या दोन दशकांत या व्यवसायातील कारागिरांनी जे ज्ञान साठवले, ते बहुतांशी अदृश्य आहे. पात्राच्या थेट खाली पडणारी ठसठशीत सावली, म्हणजे उडी कोठे उतरणार याचा अंदाज येतो. कठड्यावरून पाऊल सुटल्यानंतरही क्षणाचा एक अल्प अंश उडीचे बटण मान्य करण्याची सवलत. हवेत पाऊल टाकूनही काही काळ खाली न कोसळणाऱ्या व्यंगपटातल्या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून तिला कारागीर मंडळी ‘कायोटी टाइम’ म्हणतात. जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटण लक्षात ठेवून पाय टेकताच उडी मारणे. कठड्याचा कोपरा निसटता लागला, तर पात्राला हळूच बाजूला सरकवून वाचवणे. ‘सेलेस्ट’ (२०१८) या विलक्षण अवघड गेममध्ये अशा सवलतींची रेलचेल आहे, आणि तरीही तो खेळणाऱ्याला आपण केवळ स्वतःच्या कौशल्यावर तरलो असे वाटते. गेम खेळाडूच्या हाताने काय केले याकडे कमी पाहतो, त्याच्या मनात काय करायचे होते ते ओळखतो आणि त्याप्रमाणे निवाडा देतो. कंट्रोल्स जुने वाटतात ते बहुधा याच कारणाने: जुना गेम हेतू न पाहता हाताच्या प्रत्येक चुकीचा काटेकोर हिशेब ठेवतो, आणि आजच्या खेळाडूला या काटेकोरपणाची सवय राहिलेली नाही.

‘सायकोनॉट्स’ या साठ्याच्या मध्यावर जन्माला आला. त्याचा नायक रॅझपुटिन, ऊर्फ रॅझ, हा सर्कशीत वाढलेला मुलगा. मुले घर सोडून सर्कशीत पळून जातात, हा तिकडील कथांमधला रूढ संकेत. रॅझ सर्कशीतून पळून, अतींद्रिय शक्ती असलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात येतो. तो कसरतपटू असल्यामुळे दोरीवरून चालणे, झुल्यावरून झेप घेणे, खांबाभोवती गिरकी घेणे या साऱ्या क्रिया त्याच्या चरित्रातूनच निघतात. शिबिरातले शिक्षक त्याला दुसऱ्याच्या मनात शिरण्याची विद्या शिकवतात. एक छोटे दार दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवायचे, ते उघडायचे आणि आत जायचे. पुढे शिबिरातल्या मुलांचे मेंदू एकेक करून चोरीला जाऊ लागतात, आणि त्या चोरीचा माग काढीत रॅझ तळ्यापलीकडच्या ओसाड मनोरुग्णालयात पोहोचतो. कथेचा सांगाडा एवढाच. गेमची खरी समृद्धी आहे ती प्रत्येक मन हा एक निराळा प्रदेश असल्याच्या कल्पनेत.

आणि ही कल्पना किती इमानाने पाळली आहे, हे पाहण्यासारखे आहे. शिबिरातला शिस्तप्रिय शिक्षक साशा नाइन याचे मन म्हणजे एक काळापांढरा, निष्कलंक घन. प्रत्येक भावना कोठेतरी नीट मिटून ठेवलेली. त्याची सहशिक्षिका मिला व्होडेलो हिचे मन म्हणजे रंगीबेरंगी दिव्यांचा, अखंड चाललेला नाचगाण्याचा सोहळा. या सोहळ्यात भटकताना एका आडवाटेच्या खोलीत खेळाडू शिरला, तर त्याला एक लहानसा पेटारा सापडतो, त्यातून खाली उतरणारी अंधारी जागा सापडते आणि तेथे मुलांचे आवाज ऐकू येतात. मिला एका अनाथाश्रमात काम करीत असे, आणि तो आश्रम आगीत भस्मसात झाला, हे कथा कोठेही वाच्यतेने सांगत नाही. मुख्य मार्गाने गेम पूर्ण करणाऱ्याला ते कळणारही नाही. नाचणाऱ्या, सर्वांना लाडाने हाक मारणाऱ्या, मुलांना जीव लावणाऱ्या या स्त्रीचे हसू त्यानंतर पूर्वीसारखे दिसत नाही. विनोदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृतीने आपल्या विनोदाच्या तळाशी असे काही ठेवावे, आणि ते शोधण्याची सक्तीही करू नये, याला मी फार मोठी कलात्मक सभ्यता समजतो.

मनातल्या या प्रदेशांत वावरणाऱ्या वस्तूही विचारपूर्वक घडवलेल्या आहेत. पायांवर धावणाऱ्या छोट्या तिजोऱ्या इकडेतिकडे पळत असतात. त्यांना पाठलाग करून फोडले, की आतून चित्रचकती निघते आणि त्या माणसाची एखादी आठवण एकामागून एक अशा मूक चित्रांतून उलगडते. कोपऱ्यांत प्रवासी सामान पडलेले असते, बॅगा, ट्रंका, टोप्यांचे डबे, आणि ते सामान अक्षरशः हुंदके देत असते. त्याची हरवलेली नामपट्टी आणून दिली, की ते शांत होते. आणि या सगळ्यावर पहारा करतात ते चष्मा लावलेले, कोट-टायमधले कारकून. मनात उपरा विचार शिरला, की तो हुडकून काढून त्याच्यावर नामंजुरीचा शिक्का मारणे हे त्यांचे काम. फ्रॉइडने स्वप्नांवरील आपल्या १९०० सालच्या ग्रंथात मनातील ज्या अंतर्गत नियंत्रकाची कल्पना मांडली होती, तिला येथे सरकारी कचेरीतल्या दुय्यम नोकराचे रूप मिळाले आहे. आणि रॅझ हा परक्या मनात परवान्याशिवाय शिरलेला असल्यामुळे त्याच्याकडे शिक्के उगारून धावणारे हे कारकून आपल्या हुद्द्याला धरूनच वागतात. शत्रूला शत्रुत्वाचे इतके रास्त कारण असलेले गेम्स फार थोडे असतील.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लंगफिश जातीच्या एका अजस्र माशाच्या मनात रॅझ शिरतो, तेव्हा तेथे माशांचे एक आधुनिक शहर वसलेले असते, आणि त्या शहरात रॅझ गगनचुंबी राक्षस ठरतो. जपानी राक्षसपटांतल्याप्रमाणे नागरिक किंचाळत पळतात, रणगाडे गोळे झाडतात, आणि खेळाडू आजवर ज्या मुलाला जपून जपून उड्या मारायला लावीत होता, त्याच मुलाच्या पावलाखाली इमारती चुरडल्या जातात. येथे उडी नेमकी कोठे उतरली याला काडीचेही महत्त्व नसते. हालचाल जड आहे, वळण मंद आहे, आणि राक्षसाची हालचाल तशीच असायला हवी. जो गुण अन्यत्र उणेपणा म्हणून बोचला असता, तोच येथे प्रसंगाला शोभून दिसतो. शिवाय या लेव्हलमागे एक हळुवार विचार आहे: ज्याला आपण तळ्यातला राक्षस समजून झुंज दिली, त्याच्या मनाच्या दृष्टीने राक्षस आपण.

फ्रेड बोनापार्टचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. हा गृहस्थ त्या रुग्णालयाचा कर्मचारी. एका रुग्णाशी पटावरचा युद्धखेळ खेळताना तो वारंवार हरला, आणि त्या पराभवाच्या लाजेतून त्याच्या मनात त्याचा पूर्वज नेपोलियन जागा होऊन बसला. आता दोघे एकाच देहात राहतात आणि आत, मनात, तोच पट मांडून एकमेकांशी लढतात. खेळाडूने काय करायचे? टेबलाभोवती फिरायचे, मग आकार लहान करून पटावर उतरायचे आणि प्याद्यांमधून चालायचे, मग आणखी लहान होऊन पटावरच्या चिमुकल्या घरांत शिरायचे आणि तेथल्या भित्र्या गावकऱ्यांना फ्रेडच्या बाजूने लढण्यास राजी करायचे. एकच जागा तीन प्रमाणांत हिंडल्यावर खेळाडूला कळते, की हरलेल्या माणसाला आपला पराभव केवढा मोठा दिसत असतो. या लेव्हलमध्ये अवघड उडी जवळजवळ नाहीच. विचार करावा लागतो, बोलावे लागते, वस्तू हलवाव्या लागतात. साहसी गेम्समध्ये मुरलेले शेफर आणि त्यांचे सहलेखक एरिक वोलपॉ येथे आपल्या हक्काच्या भूमीवर उभे आहेत.

बॉइडच्या वसाहतीतही हेच घडते. पिळवटलेल्या रस्त्यावरून चालताना गुरुत्वाची दिशा बदलते आणि कॅमेरा तिच्यामागे गोल फिरतो. खेळाडूला क्षणभर भोवळ येते, आणि ज्या मनाला सर्वत्र कट दिसतो त्या मनात दिशाभूल झाली तर ते प्रसंगाला धरूनच आहे. हेरांना फसवण्यासाठी योग्य वस्तू योग्य जागी हातात धरायची, एवढीच क्रिया. पण विनोदाचा पाया तीच क्रिया आहे. ती खेळाडू स्वतः करतो, म्हणून हसू अधिक खोलवरून येते. केवळ पाहण्याच्या विनोदात आपण दुसऱ्याच्या मूर्खपणाला हसतो; येथे लाटणे हातात धरून, तोंडावर गांभीर्य ठेवून त्या मूर्खपणात आपण सामील झालेलो असतो. २००६ साली ‘बाफ्टा’ या ब्रिटिश अकादमीने या गेमला उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक दिले ते यथोचितच होते; मात्र कागदावरच्या पटकथेत या विनोदाचा निम्माच भाग सापडेल असे मला वाटते.

याच्या उलट टोकाला गेमचा शेवटचा भाग आहे, मांसाच्या सर्कशीचा. शिबिराच्या प्रशिक्षकाच्या, ओलिअँडरच्या, मनातील खाटकाच्या दुकानाची बालपणीची दहशत आणि रॅझच्या मनातील सर्कशीची, वडिलांविषयीच्या भयाची आठवण, ही दोन मने येथे एकमेकांत मिसळली आहेत. कल्पना म्हणून ती साऱ्या गेममधली सर्वांत धाडसी. पण कृती म्हणून खेळाडूच्या वाट्याला काय येते? एका भेदरलेल्या मुलाला सांभाळीत, त्याच्यावर चालून येणाऱ्यांना हाकलीत, त्याच्यामागे उंच चढायचे. आणि पुढे खालून पाणी चढत असताना, घड्याळाशी शर्यत लावीत झुल्यांवरून, दोऱ्यांवरून, जाळ्यांवरून अचूक झेपा घ्यायच्या. येथे प्रत्येक उडीला किंमत आहे, प्रत्येक चुकीला शिक्षा आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी कॅमेरा आडवा येतो, अंतराचा अंदाज चुकतो, झुल्यावरून सुटलेला रॅझ खेळाडूच्या मनातल्या दिशेपेक्षा किंचित निराळ्या दिशेला जातो. पुन्हा पुन्हा तोच चढ चढताना मांस, सर्कस, वडील, भय हे सारे अर्थ गळून पडतात आणि उरते ती अडथळ्यांची निव्वळ शर्यत. हा भाग पहिल्यापासूनच बदनाम झाला, आणि २०११ साली संगणकासाठी सुधारित आवृत्ती आली तेव्हा कर्त्यांनी स्वतःच त्याची धार थोडी बोथट केली.

या दोन टोकांच्या मधे बरेच काही आहे. विचारांच्या चेंडूवर स्वार होऊन घरंगळत जाण्याची, आणि त्याच चेंडूला डोक्यावर धरून हवेत तरंगत खाली येण्याची क्रिया आजही निखळ आनंद देते. उलट, शक्तींची वाटणी कंटाळवाणी आहे: आग पेटवणे, अदृश्य होणे, दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे, दुरून वस्तू हलवणे अशा अनेक शक्ती असताना एका वेळी मोजक्याच बटणांवर ठेवता येतात, आणि वारंवार यादी उघडून अदलाबदल करावी लागते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची शक्ती याच यादीत दडून राहते, ही मोठी हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. कारण ती वापरली, की समोरच्या पात्राला रॅझ कसा दिसतो ते पडद्यावर दिसते, आणि प्रत्येकाला तो निराळाच दिसतो. मारामारीही आज ठोकळेबाज वाटते. शत्रूवर नजर खिळवल्यावर रॅझची चाल आखडते आणि तीन कारकून तीन दिशांनी आले तर खेळाडूचा जीव मेटाकुटीला येतो. पाण्याचा प्रश्न मात्र फार खुबीने सोडवला आहे. पोहण्याची हालचाल घडवणे हे त्रिमित गेममध्ये स्वतंत्र आणि खर्चिक काम. म्हणून अनेक गेम्स पाण्यात पडलेल्या पात्राला कारण न देता मरू देतात. येथे रॅझच्या घराण्याला शाप आहे, की त्यांचे मरण पाण्यात होईल, आणि तो पाण्याजवळ जाताच तळ्यातून पाण्याचाच एक प्रचंड हात वर येऊन त्याला ओढू पाहतो. तांत्रिक मर्यादेचे असे कथेत रूपांतर झाले, की ती मर्यादा जुनी होत नाही.

एक गोष्ट मात्र कंट्रोल्सपेक्षाही अधिक जुनी झाली आहे, आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रुग्णालयाचे चित्र भयपटांतल्या ओसाड वेड्याच्या इस्पितळाचे आहे, आणि काही रुग्णांचे आजार रॅझच्या एका भेटीत, एका लढाईत बरे होतात. मनोविकाराने ग्रासलेल्या कुटुंबातील वाचकाला हे खटकेल, आणि ते खटकणे योग्य आहे. तरीही एवढे म्हटले पाहिजे, की हा गेम त्या माणसांना हसण्याचा विषय करीत नाही. एडगर टेग्ली हा चित्रकार तीच तीच बैलांच्या झुंजीची चित्रे रंगवीत बसतो, आणि त्याच्या मनातल्या काळ्या मखमलीवर रंगवलेल्या झगमगत्या गल्ल्यांतून एक उधळलेला बैल धावत सुटलेला असतो. पण बाहेरून हास्यास्पद दिसणाऱ्या त्याच्या नादामागे तरुणपणातील एका प्रेमभंगाची लाज आहे, हे कळेपर्यंत गेम थांबतो. रॅझ कुणाशीही बोलताना कुचेष्टा करीत नाही. तो प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकून घेतो, मग ते उत्तर कितीही विक्षिप्त असो.

प्रसिद्धीच्या वेळी या गेमचे नशीब उलटे फिरले होते. मूळ प्रकाशक मायक्रोसॉफ्टने २००४ साली अंग काढून घेतले. मजेस्को या तुलनेने लहान कंपनीने तो स्वीकारला. समीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली, आणि पहिल्या वर्षात एक लाख प्रतीही खपल्या नाहीत. प्रकाशनाचे हक्क २०११ साली ‘डबल फाइन’कडे परत आले, तेव्हापासून विक्रीचा ओघ पालटला, आणि २०१५ अखेर एकूण खप १७ लाखांच्या घरात गेला. त्याच सुमारास पुढच्या भागासाठी चाहत्यांनी वर्गणी आणि गुंतवणूक मिळून ३८ लाख डॉलर उभे केले, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये ‘सायकोनॉट्स २’ बाहेर पडला, तोपर्यंत ‘डबल फाइन’ स्वतःच मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली होती. या दुसऱ्या भागात रॅझच्या उडीला आजच्या काळाची मृदू सफाई आहे, मनोविकारांविषयी आरंभीच एक सूचना आहे, आणि ज्याला नुसती कथा अनुभवायची आहे त्याला रॅझला अजिंक्य करून टाकण्याची किंवा खाली पडल्याची इजा बंद करण्याची मुभा सेटिंग्जमध्ये दिलेली आहे. ही मुभा पहिल्या भागाला असती, तर मांसाच्या सर्कशीपाशी किती जणांनी हात टेकले नसते!

म्हणून नव्याने येणाऱ्याने दुसऱ्याच भागापासून सुरुवात करावी, असा सल्ला दिला जातो. मी तो देणार नाही. पहिला भाग संगणकावर सहज मिळतो, फार शक्तिशाली यंत्र लागत नाही. कीबोर्डाऐवजी कंट्रोलर जोडला, तर दोरीवरचा तोल आणि चेंडूवरचे घरंगळणे दोन्ही पुष्कळ सोपे जाते. कॅमेरा आपोआप वळेल या भरवशावर न राहता उडीपूर्वी तो आपल्या हाताने पाठीमागे आणून ठेवण्याची सवय पहिल्या तासाभरातच लावून घ्यावी, आणि उडीच्या वेळी समोर न पाहता रॅझच्या सावलीकडे पाहावे. हवेत विखुरलेल्या पुसट, निऑन रंगांच्या आकृत्या एकूण एक गोळा करण्याचा अट्टाहास धरू नये. आणि पहिल्या दिवशी, उजेड असेतो, शिबिरात निरुद्देश भटकावे. चुकून लोकांची डोकी फुटू नयेत म्हणून चंदेरी कागदाची टोपी घालून फिरणारा डोगन, माशांशी गप्पा मारणारा एल्टन, आणि बाकीची सगळी मुले आपापसात प्रेम, भांडणे, कुरघोड्या करीत असतात, आणि कथेचे एकेक पाऊल पुढे पडले की त्यांचे संभाषणही बदलते. मुख्य कामाच्या मागे लागलेल्या खेळाडूला यांतले बरेचसे ऐकूच येत नाही. रात्र झाली की मेंदूंची चोरी सुरू होते, आणि मग तीच मुले टीव्ही, टीव्ही असे पुटपुटत कॅम्पभर हिंडू लागतात. तेव्हा ज्याचे जे ऐकायचे असेल, ते तळ्याकडे जाण्यापूर्वीच ऐकून घ्यावे.